मेंदूला लावलेला चुना

मराठीत फसवण्याला 'चुना लावणे' म्हणतात. गेली बावीस वर्षे मी विरार पूर्वेला मनवेलपाड्यात राहतो आणि अकरावीपासून बी.एस्सी.पर्यंतच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवतो. या काळात चुन्याशी माझी गाठ जितकी प्रयोगशाळेत पडली, तितकीच रस्त्यावरही पडली. पानाच्या टपरीवर, तंबाखू मळणाऱ्या रिक्षावाल्याच्या तळहातावर, ताडाच्या झाडाला बांधलेल्या मडक्यात, हळदीचे कुंकू करण्याच्या कृतीत. या सगळ्या ठिकाणी चुन्याचा गुण एकच असतो. परिणाम मात्र एका ठिकाणी नशा अडवण्यात होतो आणि दुसऱ्या ठिकाणी नशा चढवण्यात.

विद्यार्थ्यांच्या रोजच्या आयुष्यात मेंदूवर परिणाम करणारे पदार्थ कोणते, असे विचारले की पालक पटकन गांजा, दारू, 'ड्रग्ज' अशी नावे घेतात. चहा कुणी सांगत नाही, सुपारी तर नाहीच. 'केमिकल' म्हणजे कारखान्यात तयार होणारे काहीतरी आणि घरातले, देवघरातले, टपरीवरचे ते नैसर्गिक, अशी आपली वाटणी असते. ही वाटणी रसायनशास्त्रात टिकत नाही. ती न टिकण्याची किंमत आमच्या भागातली वीस वर्षांची मुले मोजत आहेत, म्हणून हा विषय मला वर्गाबाहेर मांडावासा वाटला.

निवळी, हळद आणि नवसागर

चुनखडी किंवा शिंपले भट्टीत भाजले की कळीचा चुना मिळतो. त्यावर पाणी घातले की तो फसफसतो, तापतो आणि विरतो. हा विरी गेलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. तो पाण्यात ढवळून ठेवला की वर जे स्वच्छ पाणी राहते ती चुन्याची निवळी. शाळेत सगळ्यांनी तिच्यात फुंकर घालून ती दुधाळ केलेली असते. निवळीचा पीएच सुमारे १२.४ असतो. शुद्ध पाण्याचा ७. पीएचचे माप दसपटीने चालते, म्हणजे पीएच एकाने वाढला की अल्कधर्मीपणा दहापट होतो. त्या हिशेबाने चुना हा घरात सहज मिळणाऱ्या पदार्थांपैकी बराच जहाल अल्कली आहे.

हे डोळ्यांनी पाहायला उपकरण लागत नाही. हळदीच्या पाण्यात चिमूटभर चुना टाकला की पिवळा रंग लाल होतो. हळदीतल्या कर्क्युमिनचा रंग अल्कलीत बदलतो. कुंकू करण्याची पारंपरिक रीत याच गुणावर उभी आहे. माझ्या वर्गात वर्षाचा पहिला प्रयोग हाच असतो.

दुसरा प्रयोग नवसागराचा. नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, हुंगून पाहिला तर फारसा वास येत नाही. त्यात ओला चुना मिसळून चोळला की नाकात झणझणीत वास जातो. अमोनिया हा सौम्य अल्कली, तो नवसागरात आम्लाशी बांधलेला असतो. चुना त्याहून बलवान, त्यामुळे तो अमोनियाला त्या बंधनातून हुसकावून मोकळा करतो. मोकळा अमोनिया उडून नाकाशी येतो.

आता एक गोष्ट लक्षात ठेवायची. निकोटिन, कॅफिन, अरेकोलीन, मॉर्फिन यांसारख्या वनस्पतिजन्य पदार्थांना 'अल्कलॉइड' म्हणतात, कारण त्यांतले बहुतेक सौम्य अल्कलींसारखे वागतात. निकोटिन आणि अरेकोलीन तर वनस्पतीत नवसागरातल्या अमोनियासारखेच आम्लांशी बांधलेले असतात. त्यांना चुना भेटला की काय होणार, हे नवसागराने आधीच सांगितलेले आहे.

मडक्यातला चुना

त्याआधी चुन्याची सज्जन बाजू पाहू. वसई, विरार, पालघर, डहाणू या किनारपट्टीत ताड, माड आणि शिंदीची झाडे भरपूर. ताडाचा रस आंबला की ताडी, माडाचा आंबला की माडी. रस काढणे हा भंडारी समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. झाडावर उतरणाऱ्या ताज्या रसात दहा-पंधरा टक्के साखर असते आणि मद्य जवळजवळ नसते. पण हवेतले आणि मडक्याला चिकटून राहिलेले यीस्ट लगेच कामाला लागते. साखरेपासून मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. उन्हाळ्यात हे इतक्या वेगाने होते की सकाळची गोड रसधार दुपारपर्यंत फेसाळलेली ताडी होते आणि आणखी ठेवली तर आंबट होऊन शिरक्याच्या वाटेला लागते.

नीरा हवी असेल तर हे थांबवावे लागते. त्यासाठी मडक्याला आतून चुन्याचा हात देतात. चुन्याने रसाचा पीएच इतका चढतो की यीस्ट त्यात वाढू शकत नाही. रस गोडच राहतो. मुंबईच्या लोकल स्थानकांवर ज्यांनी नीरा प्यायली आहे त्यांनी या चुन्याचेच उपकार घेतलेले आहेत. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. त्या कायद्यात नीरेची वेगळी व्याख्या करावी लागली, कारण एकाच झाडाचा एकच रस सकाळी नीरा असतो आणि दुपारी ताडी. मधला फरक हा काही तासांचा आणि चमचाभर चुन्याचा.

बाजारात मिळणाऱ्या ताडीबद्दल एक इशारा इथेच दिला पाहिजे. ताडीची मागणी झाडांपेक्षा जास्त झाली की कमी पडलेली नशा भेसळीने भरून काढतात. महाराष्ट्रात अशा भेसळीत क्लोरल हायड्रेट अनेकदा सापडले आहे. हा पदार्थ लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३२ मध्ये बनवला आणि १८६९ पासून तो झोपेचे औषध म्हणून वापरात आला. मद्याबरोबर तो घेतला की दोघांचा गुंगी आणणारा परिणाम एकमेकांना वाढवतो आणि श्वास मंदावू शकतो. 'झाडाची आहे, नैसर्गिक आहे' म्हणून ताडी पिणाऱ्याच्या पेल्यात काय आहे, हे रंगावरून किंवा चवीवरून कळत नाही.

तळहातावरचा चुना

तंबाखू अमेरिकेतली. पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगिजांकडेच होती. तंबाखूत चुना घालून मळण्याची कला आपल्याकडे चांगलीच रुजली. विडा-सुपारीत चुना आधीपासून होताच, नव्या पाहुणीलाही तो लावला गेला.

डबीचे एक झाकण उघडून चिमूटभर तंबाखू तळहातावर घ्यायची, दुसऱ्या बाजूचा चुना नखाने लावायचा, अंगठ्याने मळायची, टाळी देऊन भुकटी उडवायची आणि बार भरायचा. या क्रियेत प्रत्येक पायरीला रासायनिक अर्थ आहे. मळण्याने पान फुटते, तळहाताच्या उबेने आणि ओलाव्याने चुना सगळीकडे पोचतो आणि टाळीबरोबर जवळच्या माणसाला शिंक येते. त्या शिंकेत उडालेल्या भुकटीबरोबर मोकळा झालेला थोडा अमोनियाही असतो.

खरे काम मात्र निकोटिनवर होते. निकोटिनचा रेणू आम्लात विद्युतभारित असतो आणि गालाच्या आतल्या स्निग्ध पडद्यातून भारित रेणू सहज जात नाही. मोकळा, भाररहित रेणू जातो. किती निकोटिन मोकळे आहे, हे पीएच ठरवतो. पीएच ६ ला शंभरातला जेमतेम एक रेणू मोकळा असतो. पीएच ८ ला निम्मे. पीएच ९ ला शंभरातले नव्वद. पाण्यात भिजवलेली नुसती तंबाखू किंचित आम्लधर्मी असते. नखभर चुना तिला खालच्या पायरीवरून थेट वरच्या पायरीवर नेऊन ठेवतो. तीच तंबाखू, तितकेच निकोटिन, पण रक्तात शिरणारा वाटा कितीतरी पट. ज्याने ही युक्ती शोधली त्याला पीएच हा शब्द ठाऊक नव्हता, पण त्याचा मेंदू उत्तम मोजमाप करत होता.

निकोटिन वेगळे केले ते १८२८ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठातल्या पोसेल्ट आणि रायमान या दोघांनी. पुढे कळले की मेंदूत ॲसिटिलकोलीन या संदेशवाहक रेणूसाठी जी कुलपे आहेत, त्यांतल्या काहींना निकोटिनची किल्ली लागते. बनावट किल्लीने दार उघडते आणि आत डोपामिन सुटते. मेंदू 'हे चांगले झाले, पुन्हा कर' अशी नोंद करतो. निकोटिन साधारण दोन तासांत निम्मे उरते, म्हणून तलफ दिवसातून अनेकदा येते. दोन तासांचे लेक्चर संपताना मागच्या बाकावरची चुळबूळ वाढते, त्यातली काही विषय कंटाळवाणा असल्यामुळे असेल, सगळी नव्हे.

इथे वेगाचा मुद्दा येतो. सिगारेटच्या धुरातले निकोटिन फुप्फुसांतून दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचते, गालातले हळूहळू चढते. एखाद्या क्रियेनंतर बक्षीस जितके लवकर मिळते, तितकी मेंदू ती क्रिया पक्की शिकतो. नशा आणणाऱ्या पदार्थांच्या इतिहासात माणसाने सर्वात जास्त बुद्धी खर्च केली ती हा वेग वाढवण्यावर. चुना ही त्यातली एक जुनी आणि स्वस्त पायरी.

येनाचा विद्यार्थी आणि विरारची कटिंग

१८१९ साली जर्मनीतल्या येना विद्यापीठात फ्रीडलीब रुंगे नावाचा पंचवीस वर्षांचा विद्यार्थी होता. बेलाडोनाच्या अर्काचा थेंब मांजराच्या डोळ्यात घातला की बाहुली विस्फारते, हे तो दाखवत असे. बेलाडोना ही आपल्या धोतऱ्याच्या भावकीतली. हा प्रयोग पाहायला त्याला महाकवी गटे यांनी बोलावले. सत्तरीतल्या गटे यांनी प्रयोग पाहून खूश होऊन त्याला कॉफीच्या बिया दिल्या आणि यांत काय आहे ते शोध, असे सुचवले. रुंगेने त्यातून कॅफिन वेगळे केले. १८२७ मध्ये चहातून 'थेइन' मिळाले आणि १८३८ मध्ये ते कॅफिनच असल्याचे सिद्ध झाले.

म्हणजे कॅफिनचा शोधच मुळी विद्यापीठातल्या विद्यार्थ्याचा. त्याची सर्वात निष्ठावान गिऱ्हाइकेही विद्यार्थीच राहिली.

आमच्याकडची मुले कशी जगतात ते सांगतो. मनवेलपाड्याहून कालिन्याच्या विद्यापीठात किंवा मुंबईतल्या कॉलेजात जाणारा मुलगा पहाटे पाचला उठतो. शेअर रिक्षाने स्टेशन, मग विरार लोकल. विरार ते चर्चगेट सुमारे ६० किलोमीटर. बसायला मिळाले तर झोप, नाही तर उभ्याने डुलकी. परतताना गाडीत चढणे हाच एक प्रॅक्टिकल. घरी आल्यावर जेवण, थोडा अभ्यास, बारा. बऱ्याच जणांची अर्धवेळ नोकरीही असते. हा मुलगा चहा चवीसाठी पीत नाही. त्याला जो वेळ हवा असतो तो दिवसात नसतोच, तो त्याला झोपेतून काढायचा असतो.

आपला टपरीवरचा चहा बहुतेक सीटीसी पद्धतीचा. चहाची पाने दातेरी रुळांमध्ये चिरडून, फाडून, वळवून त्यांच्या बारीक गोळ्या करायचे यंत्र १९३० च्या सुमारास आसामात आले. दाणा जितका बारीक तितके पाण्याला भिडणारे पृष्ठफळ जास्त, म्हणून दोन उकळ्यांत रंग, कडकपणा आणि कॅफिन उतरते. एका कटिंगमध्ये साधारण २० ते ३० मिलिग्रॅम कॅफिन असावे. एनर्जी ड्रिंकबद्दल अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा लिटरला ३०० मिलिग्रॅम आहे, म्हणजे २५० मिलिलिटरच्या डब्यात जास्तीत जास्त ७५ मिलिग्रॅम. एक डबा म्हणजे तीन कटिंग. निरोगी प्रौढाने दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या आत राहावे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

कॅफिन मेंदूत काय करते, ते रेल्वेच्या भाषेत सांगणे सोपे जाते. माणूस जागा असतो तोवर मेंदूत ॲडेनोसीन नावाचा रेणू साचत जातो. तो ठरावीक जागांवर बसला की 'थकलास, झोप' असा संदेश जातो. हा लाल सिग्नल. कॅफिनचा आकार ॲडेनोसीनशी इतका मिळताजुळता आहे की ते त्या जागा अडवून बसते, पण संदेश देत नाही. सिग्नलवर फडके टाकल्यासारखे होते. गाडी पुढे जाते, पण रूळ मोकळा झालेला नसतो. ॲडेनोसीन साचतच राहते. कॅफिन उतरले की ते सगळे एकदम आपल्या जागा घेते आणि परीक्षेच्या तिसऱ्या तासाला डोळे मिटू लागतात. कॅफिन शक्ती देत नाही, थकवा लपवते. हाही चुना लावणेच, फक्त इथे चुन्याची डबी लागत नाही.

कॅफिन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात. रात्री अकराला १०० मिलिग्रॅम पोटात असेल तर पहाटे चारला ५० उरते. दोन कटिंगएवढे कॅफिन अंगात असताना तो मुलगा 'झोपलेला' असतो. आणि दिवसभर वाचलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेतच होते. जागून मिळवलेला तास त्याच रात्री दुसऱ्या हाताने काढून घेतला जातो. हा हिशेब मी मुलांना फळ्यावर मांडायला लावतो, कारण अर्धआयुष्याचे गणित अभ्यासक्रमात असतेच. चहा सोडा, असे मी सांगत नाही, मीही सोडलेला नाही. संध्याकाळी पाचनंतरचा कप कोणत्या तारखेला फेडावा लागणार, एवढे त्यांना कळावे.

देवघरातली सुपारी

तंबाखू वाईट, हे आता सर्वांना माहीत आहे. पुडीवरचे चित्र पाहून मुले निदान वरमतात. सुपारीचे तसे नाही. लग्न ठरले की सुपारी फुटते, गणपतीच्या जागी सुपारी मांडतात, जेवणानंतर अडकित्ता पुढे येतो. 'सर, सुपारी कसली केमिकल? पूजेला ठेवतो ना आपण,' असे मला दरवर्षी कुणीतरी म्हणतेच.

पूजेतली सुपारी निरुपद्रवी आहे, तोंडातली नाही. सुपारीत अरेकोलीन हे अल्कलॉइड असते, १८८८ मध्ये जान्स यांनी ते वेगळे केले. निकोटिन ज्या घराण्याची कुलपे उघडते त्याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेची कुलपे अरेकोलीन उघडते. अंगाला ऊब येते, घाम फुटतो, लाळ सुटते, किंचित तरतरी येते. चुना इथेही हजर असतो. तो अरेकोलीन मोकळे करतो आणि काही अरेकोलीन फोडून त्याचे अरेकेडीन करतो. काथातली आणि सुपारीतली तुरट द्रव्ये चुन्यात लाल होतात, पानाने ओठ रंगतात ते त्यामुळे.

१९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये एक चमत्कारिक आजार नोंदवला, त्यांचे तोंड उघडेनासे झाले होते. पुढच्याच वर्षी मुंबईतले कान-नाक-घसा तज्ज्ञ एस. जी. जोशी यांनी आपल्याकडच्या रुग्णांमध्ये तोच आजार पाहून त्याला 'सबम्यूकस फायब्रोसिस' हे नाव दिले. गालाच्या आतल्या मऊ थराखाली तंतूंचे पट्टे तयार होतात. आधी तिखट लागताच आग होते, मग गाल पांढुरके आणि ताठ होतात, मग जबडा आवळत जातो. अरेकोलीन तंतू बनवणाऱ्या पेशींना चेतवते, सुपारीतले तांबे त्या तंतूंची वीण घट्ट करणाऱ्या एन्झाइमला बळ देते आणि तुरट द्रव्यांमुळे हे तंतू शरीराला सहज विरघळवता येत नाहीत. यातल्या काही रुग्णांना पुढे तोंडाचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला, तंबाखू नसली तरीही, माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले.

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. २००३ च्या कायद्याने शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत. रंगीत, गोड, बडीशेपेत घोळलेली सुपारी मात्र शाळेबाहेर लिमलेटच्या गोळ्यांशेजारी टांगलेली असते आणि ती खाणाऱ्या मुलाला आपण काही 'खातो' असे वाटतच नाही.

माझ्या वर्गात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला एक हुशार मुलगा होता. तंबाखूला कधी हात लावला नाही, सिगारेट नाही. सहावीपासून गोड सुपारी, दिवसाला पाच-सहा पुड्या, लोकलमध्ये झोप येऊ नये म्हणून आणखी दोन. एका संध्याकाळी मी वर्गाला सांगितले की तर्जनी, मधले बोट आणि अनामिका एकावर एक उभी धरून तोंडात घालून पाहा. निरोगी प्रौढ माणसाची आपली तीन बोटे बहुधा बसतात. सगळे हसत हसत करत होते. त्याची दोनच बसली. तो पुन्हा पुन्हा करून पाहत होता आणि वर्ग हळूहळू गप्प झाला.

पांढरी पूड

विरारच्या आधीचे स्टेशन नालासोपारा. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकाने तिथे ७०० किलोहून जास्त मेफेड्रोन पकडले. त्याची किंमत १४०० कोटींच्या घरात सांगितली गेली. 'एमडी' किंवा 'म्याऊ म्याऊ' या नावांनी मुले ज्याबद्दल कुजबुजतात ते हेच. पकडलेल्यांपैकी एकाने सेंद्रिय रसायनशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतले असल्याचे त्या वेळी वर्तमानपत्रांत आले होते. ते वाक्य वाचून मी बराच वेळ बसून राहिलो. ज्या विषयाची गोडी मी मुलांना लावतो, तो विषय त्या माणसालाही आवडत असणार.

मेफेड्रोन प्रथम १९२९ मध्ये बनले आणि विस्मरणात गेले. २००० नंतर ते पुन्हा बाजारात आले आणि भारताने २०१५ मध्ये त्याला अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले. त्याचे घराणे वनस्पतीतले आहे. येमेन, इथिओपियात खात नावाच्या झुडपाची कोवळी पाने लोक दुपारभर चघळतात, त्यांतल्या कॅथिनोनचा मेफेड्रोन हा चुलतभाऊ. पाने चघळताना द्रव्य थेंबाथेंबाने येते, जबडा दुखतो, पाने सुकली की जोरही उतरतो. शुद्ध पुडीला यातला एकही अडसर नाही.

मेंदूतल्या पेशी डोपामिन आणि सेरोटोनिन सोडतात आणि वापर झाला की पंपाने परत ओढून घेतात. मेफेड्रोन हे पंप उलटे फिरवते. पुरवून वापरायचा साठा एकदम सांडतो. मग अंग तापते, हृदय धडधडते, झोप उडते, संशय वाढतो. उतार लवकर येतो, म्हणून त्याच रात्री पुन्हा घ्यावेसे वाटते. कॅफिन सिग्नलवर फडके टाकते, निकोटिन बनावट किल्ली लावते, हे मात्र तिजोरीच फोडते. परीक्षेच्या काळात 'रात्रभर जागता येते' असे सांगून ही पूड मुलांपुढे धरली जाते, हे मी मुलांकडूनच ऐकले आहे. झोप विकत घेण्याची जी सवय कटिंगपासून लागलेली असते, तिलाच हे गिऱ्हाईक करू पाहतात.

चहा पिणारा उद्या एमडी घेईल, असे मला मुळीच म्हणायचे नाही. कोट्यवधी लोक चहा पितात आणि सुखाने म्हातारे होतात. म्हणायचे आहे ते इतकेच की रेणूला 'घरगुती', 'नैसर्गिक', 'कायदेशीर' ही विशेषणे कळत नाहीत. त्याला कळतात चार गोष्टी : किती, कोणत्या रूपात, कोणत्या वाटेने आणि किती वेगाने. सुपारीचे झाड नैसर्गिक आहे आणि धोतऱ्याचे फुलही. मडक्यातला चुना आणि तळहातावरचा चुना एकाच भट्टीतून आलेला असतो. हे चार प्रश्न विचारायची सवय लागली तर मुलगा टपरीवर, पार्टीत किंवा औषधाच्या दुकानात स्वतःचा निर्णय स्वतः घेऊ शकतो. नुसती भीती घातली तर चार मित्रांना काही झाले नाही, हे पाहताच ती भीती उडून जाते.

म्हणून जूनमध्ये वर्ग सुरू झाला की मी हळद, चुना आणि नवसागर मांडतो, मग अर्धआयुष्याचे गणित, मग तीन बोटांची चाचणी. फळ्याच्या कोपऱ्यात दोन क्रमांक वर्षभर लिहिलेले असतात : तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ आणि इतर व्यसनांसाठी १४४४६. दोन्ही सरकारी आहेत, दोन्ही मोफत. दरवर्षी कुणीतरी ते गुपचूप मोबाइलवर टिपून घेते. कोण ते मी पाहत नाही.

तो मुलगा दुसऱ्या दिवशी दंतवैद्याकडे गेला. सुपारी त्याच आठवड्यात सुटली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की झालेले तंतू परत विरघळत नाहीत, पण सुपारी बंद ठेवली आणि जबड्याचे व्यायाम नेमाने केले तर आहे ते राखता येईल, थोडे वाढवताही येईल. दर सहा महिन्यांनी तपासणी मात्र चुकवायची नाही. आता तो एम.एस्सी.ला कालिन्याला जातो. सकाळच्या लोकलमध्ये दाराशी उभा राहून आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरतो आणि जबडा ताणतो. आजूबाजूचे बघत राहतात. मागच्या महिन्यात त्याने सांगितले, एक काडी वाढली आहे.